संयुगाची खूण

उन्नती वानखेडे ज्या घरात वाढली तिथे आवाज भरपूर होते, फक्त ते कुणासाठी नव्हते. सरोजिनी नगरच्या त्या सरकारी क्वार्टरात दारं वाऱ्याने आपटत, स्टीलचे डबे ओट्यावरून गडगडत खाली येत, नळ टपकत राही, आणि तिचे आईवडील समोरासमोर बसून शांतपणे हातांनी गप्पा मारत असत. गुलाबराव आणि कौशल्या दोघंही जन्मापासून बहिरे. गुलाबराव वर्ध्याकडून दिल्लीला सरकारी छापखान्यात बाइंडर म्हणून आले होते. दाराच्या घंटीला त्यांनी स्वयंपाकघरातला एक बल्ब जोडून घेतला होता. कुणी आलं की फोडणीवर पिवळा उजेड पडायचा. उन्नतीला हाक मारायची तर आई जमिनीवर पाय आपटायची आणि ती हाक फरशीतून तिच्या तळव्यांत यायची. बोलणं ही दाराबाहेर करायची गोष्ट आहे, चपला घालण्यासारखी, असं तिला बरीच वर्षं वाटत असे.

दाराबाहेर हिंदी होती. मराठी आणली ती वासंतीआत्याने. आत्या नर्स होती, हिंदूराव इस्पितळाच्या टेकडीपाशी राहायची. रविवारी यायची, भाचीला समोर बसवायची आणि नुसती बोलत राहायची. त्यामुळे मराठी ही उन्नतीला सुट्टीच्या दिवसाची भाषा वाटे, न्हाऊन उन्हात केस वाळवत बसल्यासारखी.

पुढे ती बी.कॉम. झाली, एका कंपनीत बिलिंगला बसली, आणि तिथे जीव रमेना तेव्हा दुभाष्याचा डिप्लोमा करून कर्णबधिर मुलांच्या एका शाळेत लागली. शिक्षकांनी बोलायचं, तिने खुणा करायच्या. इतिहास, हिंदी, नागरिकशास्त्र सगळं जमून जाई. अडचण यायची विज्ञानात. नववीचं विज्ञान शिकवायच्या पद्मजाताई. करोलबागेत जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या. खुणा त्यांना मोडक्यातोडक्या येत, पण वर्गाकडे पाठ करून त्या कधी बोलत नसत. स्टाफरूममध्ये उन्नतीशी मराठी बोलायला मिळतं म्हणून त्या डबा तिच्या शेजारी बसूनच उघडत.

विज्ञानातल्या निम्म्या शब्दांना खुणाच नव्हत्या. पद्मजाताई "कंपाउंड" म्हणाल्या की उन्नती बोटांनी त्याचं एकेक अक्षर करून दाखवी. मुलं ती अक्षरं तशीच वहीत उतरवत. सगळ्यांचे चेहरे समजल्यासारखे असत.

मग सहामाहीचे पेपर आले. पद्मजाताईंनी एक पेपर उन्नतीसमोर सरकवला. "हे वाच. हसू नकोस."

प्रश्न होता, पाणी म्हणजे काय. रुचिता नावाच्या मुलीने हिंदीत लिहिलं होतं, 'पानी हाइड्रोजन और ऑक्सीजन का अहाता है.' अहाता म्हणजे घराभोवतीचं आवार. खाली तिने चित्रही काढलं होतं. एक भिंत, भिंतीला छोटंसं फाटक, आणि आत तीन वाटोळे गोळे निवांत बसलेले.

"कंपाउंड," उन्नती म्हणाली. "तिने मोबाइलवर अर्थ बघितला."

"एकटीने नाही. पाच जणांनी आवार लिहिलंय. एकाने तर फाटकावर वॉचमन काढलाय."

उन्नती त्या चित्राकडे बघत राहिली. तिला हसू आलं नाही. भिंतीच्या आतले ते गोळे तिला फार खरे वाटले. मुलीने विचार केला होता. तिच्यापर्यंत पोचला होता तो फक्त शब्दाचा सांगाडा, आणि त्याच्यावर तिने स्वतःच्या हाताने घर बांधलं होतं.

"मराठीत काय म्हणतात गं याला?" पद्मजाताईंनी विचारलं. "आमच्या शाळेत यौगिक होतं."

"मला नाही माहीत. आत्याने एवढं नाही शिकवलं."

पद्मजाताईंनी फोनवर शोधलं. "संयुग. बरा आहे की. आता याची खूण कर तू."

"मी कशी करू?" उन्नती म्हणाली. "मला ऐकू येतं."

हे तिने सहज म्हटलं, पण त्यामागे घरचा नियम होता. गुलाबराव म्हणत, ऐकणाऱ्यांनी खुणा शिकाव्यात, वापराव्यात, पण बनवू नयेत. बनवलेली खूण हाताला बोचते.

गुलाबराव आता निवृत्त होऊन लेकीबरोबर गाझियाबादच्या वैशालीत राहत. मागच्या हिवाळ्यात कौशल्या गेली. तेव्हापासून त्यांचे हात गप्प झाले होते. जेवायला चला म्हटलं की मान हलवत. उन्नतीशी त्यांचं भांडण नव्हतं, रुसवा नव्हता, फक्त ज्या माणसाशी दिवसभर बोलायचं ते माणूस उरलं नव्हतं. रविवारी दुपारी ते गच्चीत खाटेवर उन्हात झोपत, आणि झोपेत त्यांची बोटं हलत. उन्नती शेजारी मटार सोलत बसलेली असे. अर्ध्यामुर्ध्या खुणा, पाण्याखालून दिसाव्यात तशा. त्यात मधूनच करंगळी हनुवटीकडे जायची. ते कौशल्याचं नाव होतं. तिच्या हनुवटीवर गोंदणाचा ठिपका होता. त्या वेळी उन्नती मटार सोलणं थांबवून दुसरीकडे बघे. झोपेतलं बोलणं चोरून ऐकल्यासारखं होई.

त्या दिवशी तिने रुचिताच्या पेपरचा फोटो त्यांना दाखवला. गुलाबरावांनी चष्मा लावला, भिंत बघितली, फाटक बघितलं आणि खांदे हलवून हसले. कितीतरी महिन्यांनी हसले.

"पाण्याला आवार?" त्यांनी हातांनी विचारलं.

उन्नतीने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "खूण हवीय बाबा. मी करू शकत नाही, आणि मुलांना ते नक्की काय असतं तेच माहीत नाही."

"मग आधी ते दाखवा. मग थांबा. मुलं करतील."

"तुम्ही येता का?"

"मी काय करू? मी सातवी शिकलोय."

"बसा नुसते. कुणीतरी मोठं बहिरं माणूस असू दे वर्गात."

त्यांनी फोन परत तिच्या हातात दिला. पण सोमवारी ती आवरून बाहेर आली तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते.

मुख्याध्यापकांची परवानगी पद्मजाताईंनी काढली. गुलाबराव मागच्या बाकावर बसले. मुलं मागे वळून वळून बघत होती. पांढऱ्या केसांचा माणूस आपल्यासारखं बोलतो हे त्यांतल्या पुष्कळांना नवं होतं, कारण त्यांच्या घरी सगळ्यांना ऐकू येत होतं.

पद्मजाताईंनी एका कागदावर लोखंडाचा कीस ओतला आणि त्यात गंधकाची पिवळी पूड मिसळली. राखाडी आणि पिवळं. वर चुंबक फिरवला. कीस उडी मारून चुंबकाला चिकटला, पिवळी पूड मागे राहिली. "हे मिश्रण," त्या म्हणाल्या, आणि उन्नतीचे हात चालू लागले. "दोघं शेजारी आहेत. हवं तेव्हा वेगळे होतात."

मग त्यांनी ते पुन्हा एकत्र करून परीक्षानळीत घातलं, सगळ्यांना मागे सरकवलं, खिडक्या उघडल्या आणि नळीखाली बर्नर धरला. थोड्या वेळाने तळाशी एक लाल ठिपका उमटला. पद्मजाताईंनी बर्नर काढून घेतला. ठिपका विझला नाही. तो आपणहून वर चढू लागला, नळीच्या आतून, सावकाश, जणू कुणी दिवा हातात घेऊन जिना चढतंय. वर्गातल्या सगळ्यांचे हात हवेत तसेच थांबले होते.

"आग काढली ना?" रुचिताने विचारलं. "मग हा लाल कुठून?"

"त्यांच्यातूनच," पद्मजाताई म्हणाल्या. "सुरुवातीला आपण थोडी ऊर्जा दिली. जोडले जाताना त्यांनी स्वतःची बाहेर टाकली. ती उष्णता झाली, उजेड झाला."

नळी गार झाल्यावर त्यांनी ती फडक्यात गुंडाळून फोडली. आतून काळा खडा निघाला. चुंबक नेला. खडा हलला नाही. मुलांनी आळीपाळीने चुंबक घेऊन पाहिला. एकाने खडा उलटा करून पाहिला, बहुतेक लोखंड मागच्या बाजूला लपलं असेल अशा आशेने.

"लोखंड गेलं?" गुलाबरावांनी मागच्या बाकावरून विचारलं.

"आहे. पूर्ण आहे. पण लोखंडासारखं वागत नाही आता."

गुलाबराव बाकावर मागे टेकले. बराच वेळ ते त्या खड्याकडे बघत होते.

पुढच्या तासाला पाणी होतं. पसरट भांड्यात पाणी, त्यात चिमूटभर धुण्याचा सोडा, दोन तारा, बॅटरी, आणि तारांवर उलट्या धरलेल्या दोन नळ्या. तारांवरून बुडबुडे निघाले. एका नळीत दुसरीच्या साधारण दुप्पट वायू जमत होता. नळ्या भरेपर्यंत वर्गात कुणी काही केलं नाही. हनुवट्या बाकावर टेकवून सगळे बुडबुडे बघत होते. बाहेर धुकं होतं, खिडकीतून दुधासारखा उजेड येत होता, आणि त्यात ते इवलेसे मणी सुटत, वर जात, दिसेनासे होत. उन्नतीला वाटलं, पाणी झोपेत काहीतरी पुटपुटतंय.

पुस्तकात लिहिलं होतं की हायड्रोजनला जळती काडी दाखवली की 'पॉप' असा आवाज होतो. मुलांनी ती ओळ वाचली आणि उन्नतीकडे पाहिलं.

"पॉप म्हणजे कसं?" रुचिताने विचारलं.

उन्नतीचे हात थांबले. तिने मागच्या बाकाकडे, बाबांकडे पाहिलं.

गुलाबराव उठून पुढे आले. "फुगे आणा," ते म्हणाले. चौदा एप्रिलला संसद मार्गावर बाबासाहेबांच्या जयंतीला ते दरवर्षी जात, आणि तिथे फुगा दोन्ही तळहातांत हलकेच धरून उभे राहत. ढोल वाजला की फुगा थरथरतो. तो थरथरणारा फुगा म्हणजेच ढोल. एरवी हे त्यांनी कुणाला सांगितलंही नसतं, कारण त्यांच्या ओळखीच्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

शिपाई कोपऱ्यावरून फुगे घेऊन आला. सगळ्यांनी फुगवले आणि तळव्यांत धरून ते टेबलाभोवती दाटीने उभे राहिले. लाल, हिरवे, निळे. पद्मजाताईंनी हायड्रोजनची नळी फडक्यात धरली, काडी ओढली, तोंडाशी नेली.

उन्नतीला छोटासा टप्प ऐकू आला. त्याच क्षणी काही चेहरे उजळले. काहींनी एकमेकांकडे पाहून आपणही उजळून घेतलं. दोघी मुली मात्र प्रामाणिकपणे म्हणाल्या, आम्हाला काही कळलं नाही. मग पद्मजाताईंनी हायड्रोजनची नळी पुन्हा भरेपर्यंत थांबून त्या दोघींसाठी पुन्हा केलं, आणि उन्नतीने त्यांना टेबलाच्या अगदी जवळ नेलं.

"आता समजलं," त्यांतली एक म्हणाली. "कुणीतरी आतून टिचकी मारली."

"ही पण ऊर्जाच," पद्मजाताई म्हणाल्या. "हवेतून चालत फुग्यापर्यंत आली. आणि नळीच्या काचेला आतून बघा."

काचेला दव आलं होतं. हायड्रोजन जळून पुन्हा पाणी झालं होतं. रुचिताने नळीच्या तोंडाशी बोट फिरवलं आणि ते ओलं बोट सगळ्यांना दाखवलं.

खूण त्या दिवशी झाली नाही. नंतरचे कित्येक दिवस मुलं मधल्या सुट्टीत हात चालवत होती. एकाने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट गुंतवली. सगळ्यांना आवडलं. रुचिताने मान हलवली.

"बोटं दिसतायत. हा उजवा, हा डावा. हे मिश्रण आहे. खड्यात लोखंड दिसत होतं का?"

दुसऱ्याने दोन मुठी एकावर एक ठेवल्या. "ही तर इमारत." कुणी टाळी वाजवून हात तसेच जोडलेले ठेवले. "हा नमस्कार." गुलाबराव बाकावर बसून बघत. ते सुचवत काही नव्हते. फक्त एखादी खूण हाताला अवघड जात असेल तर म्हणत, "घाईत करून दाखव." घाईत ती मोडली की मुलं स्वतःच सोडून देत.

त्याच दिवसांत एकदा तास संपल्यावर गुलाबराव पद्मजाताईंच्या टेबलापाशी थांबले. उन्नती मध्ये उभी राहिली, बोलायला.

"जळालेली वस्तू कुठे जाते?"

"थोडी राख होते, बाकीचे वायू होतात. वाफ, कार्बन डायऑक्साइड. सगळं गोळा करून तोललं, आधीच्या वजनात जळताना घेतलेली हवा धरली, तर वजन तेवढंच भरतं. नाहीसं काहीच होत नाही."

गुलाबरावांनी करंगळी हनुवटीला लावली. "म्हणजे ही दिल्लीच्या हवेत आहे."

हे वाक्य उन्नतीने तोंडाने म्हटलं, कारण ते तिचं कामच होतं. पद्मजाताईंना करंगळीचा अर्थ माहीत नव्हता. उन्नती हळूच म्हणाली, "आई."

पद्मजाताईंनी टेबलावरचा खडू उचलला, पुन्हा ठेवला. "हो," त्या म्हणाल्या. "काही भाग."

"तिला दिल्लीची हवा सोसत नव्हती," गुलाबराव म्हणाले. "सारखी म्हणायची, वर्ध्याला जाऊ."

"हवा एका जागी थांबत नाही काका. एव्हाना वर्ध्यालाही पोचली असेल."

गुलाबरावांनी हे नीट ऐकून घेतलं, म्हणजे उन्नतीच्या हातांकडे शेवटपर्यंत पाहिलं. मग मान डोलावली आणि पिशवी घेऊन चालू लागले. मेट्रोत ते खिडकीशी उभे होते. यमुना आली तेव्हा त्यांनी उन्नतीला कोपराने ढोसलं आणि नदीवरची वाफ दाखवली. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःहून चहा मागितला, आणि आलं कमी पडलं म्हणून तक्रारही केली.

खूण शेवटी रुचितानेच केली, आणि तीही भांडताना. एका मुलाला ती खडा म्हणजे काय ते समजावत होती. तिने उजव्या हाताची दोन बोटं पुढे केली, हे लोखंड. डावा पंजा पसरला, हे गंधक. दोन्ही हात जवळ आणले, मनगटं एकदा झटकन एकमेकांभोवती फिरवली, आणि हात बाजूला केले तेव्हा दोन्हींचा आकार एकच होता, आधीच्या दोन्हींपेक्षा वेगळा, ओंजळीसारखा वाकलेला. ती करत गेली आणि तिच्या लक्षातही आलं नाही. समोरचा मुलगा तिच्या हातांकडे बघत राहिला. त्याने तेच करून पाहिलं. मग शेजारच्याने. गुलाबराव उभे राहिले.

"घाईत कर," ते म्हणाले.

तिने घाईत केली. मोडली नाही.

वसंतात, दिल्लीत सेमल, म्हणजे काटेसावर, फुलतो त्या दिवसांत, ठिकठिकाणच्या शाळांमधले बहिरे शिक्षक आणि काही वडीलधारे विज्ञानाच्या खुणा एकत्र करायला जमले. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सभागृहात बैठक होती. पुढच्या रांगेत ऐकू येणारे तीनचार अधिकारी होते, त्यांच्यासाठी उन्नती माइक घेऊन बसली. रुचिताने खूण दाखवली. एका शिक्षकांनी सुचवलं की मनगट फिरवणं काढून टाकावं, खूण छोटी होईल.

"नाही," रुचिता म्हणाली. "ते काढलं तर ऊर्जा गेली. ऊर्जेशिवाय ती दोघं नुसती शेजारी बसतील."

सभागृहात खूप हात एकदम बोलू लागले. मग कुणीतरी गुलाबरावांना विचारलं, तुम्ही या वर्गात होतात ना, तुमचं मत काय. ते मंचावर गेले. उन्नतीने माइक तोंडाशी धरला. दुभाष्याने 'ते म्हणतात' असं म्हणायचं नसतं, 'मी' म्हणायचं असतं. लहानपणी बँकेत, दवाखान्यात ती अशीच बोलायची. फ्रॉकमधली मुलगी काउंटरवर टाचा उंचावून सांगायची, मैं छुट्टी पर गया था. लोक हसायचे. आज कुणी हसलं नाही.

"मी सात वर्षांचा होतो," उन्नतीच्या आवाजात गुलाबराव म्हणाले. "आमच्या शाळेत खुणा केल्या तर हात रुमालाने बांधत. ओठ बघून शिका म्हणत. मास्तर फळ्याकडे वळले की आम्ही बाकाखाली बोलायचो. ज्या गोष्टी कुणी दाखवल्या नव्हत्या त्यांना आमच्याकडे खुणा नव्हत्या. आकाशाला नव्हती. एका मुलीने केली." त्यांनी दोन्ही तळवे कपाळापाशी आणले आणि उघडत उघडत डोक्याच्या मागे नेले. "बाकाखाली एवढी मोठी खूण करता येत नाही. ती पकडली गेली. तिने मार खाल्ला, पण खूण लहान केली नाही. मी अजून तीच वापरतो. पुढे मी त्या मुलीशी लग्न केलं."

आकाश म्हणायला उन्नती जन्मापासून हीच खूण करत आली होती. ती आईची आहे हे तिला आज कळत होतं, आणि ते सांगत होती तीच.

"म्हणून खूण लहान करू नका," गुलाबराव म्हणाले, आणि खाली उतरले.

मनगट राहिलं. ऊर्जेसाठी वर्गाने केलेली खूण मात्र बैठकीने घेतली नाही, दुसऱ्या एका शाळेची घेतली. रुचिताला ती पटली नाही आणि तिने तसं सांगितलंही.

बैठक सुटली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. रुचिता तिच्या वडिलांबरोबर रस्ता ओलांडून पलीकडच्या स्टॉपवर गेली. गुलाबराव आणि उन्नती अलीकडे उभे राहिले. मधून गाड्यांचे लोंढे चालले होते, हॉर्न वाजत होते, आणि त्या सगळ्यावरून रुचिताने हात उंच करून विचारलं, "काका, उजेड द्रव्य आहे का?"

गुलाबराव लेकीकडे वळले. "आहे?"

"माहीत नाही बाबा. मला वाटतं नाही. पद्मजाताईंना विचारू."

त्यांनी तसं पलीकडे कळवलं. रुचिताला ते पुरलं नाही. ती आणखी काहीतरी विचारू लागली, लांबलचक, दोन्ही हात भराभर चालवत, आणि मध्येच एक लाल बस सिग्नलला येऊन थांबली. गुलाबराव बसच्या मागच्या टोकाकडे चालू लागले, मान लांब करून, तिचा उरलेला प्रश्न बघायला.